नारळ गप्प का?

आमच्या बायकोसारखी उलट्या डोक्याची बाई सगळ्या इस्रायलात मिळायची नाही. शेवटच्या संध्याकाळी अश्केलोनच्या घरात आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो, तेव्हाही तिचं तेच. मी म्हटलं, "गार वारा येतोय, खिडकी लाव." तर म्हणे, "तुम्हांला गार वाटतंय ना, मग उघडीच बरी." सकाळी ती उठलीच नाही.

दुकानात ज्या भाजीपाशी गर्दी, ती भाजी आमच्या घरी येत नसे. "इतकी माणसं एका वेळी शहाणी असतात काय?" बसला सगळे घुसायला लागले की ही मागे सरायची. एकदा मागची बस आलीच नाही. माझे गुडघे दुखत असताना दवाखान्यापासून घरापर्यंत चालवलंन मला, आणि वर, "पाय मोकळे झाले की नाही?"

शिवणाच्या कारखान्यातून रिटायर झाली तेव्हा बँकेतल्या माणसाने फंडाचे कागद पुढे केले. हिने विचारलं, "तू स्वतः घेतलायस?" तो कागद सारखे करायला लागला. झालं! बाईने जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यावर तिच्यासारखीच माणसं हुडकून काढली. बँकेचं ऐकायचं नाही, पेपराचं ऐकायचं नाही, आपल्याच डोक्याने शेअर घेणारी-विकणारी. दिवसभर हिब्रूत लिहून एकमेकांशी भांडायची. मला हिब्रू बोलता येते, वाचायच्या नावाने आनंद. तिथे हिने नाव घेतलं 'नारळ'. लोकांना वाटायचं, हा पेताह तिक्व्यातल्या मोठ्या कंपनीचा साहेब. एकाने तर नोकरी मागितली. मी म्हटलं, "सांग की खरं." म्हणे, "कशाला? बाईमाणूस म्हटलं की पाककृती विचारतील." सगळ्यांनी एखादा शेअर उचलून धरला की ही विकायची. कितीदा तोंडावर आपटली! इकडे कालवण करपलेलं, तिकडे शेअर चढलेला, आणि ही म्हणते, "चूक माझी स्वतःची आहे, उसनी नाही." काय बोलणार कपाळ!

आमच्या यहुदी रीतीप्रमाणे सात दिवस शोकाला बसलो. आरसे झाकले, तसा कॉम्प्युटरही चादरीने झाकला. त्याच्या काचेतही तोंड दिसतं. आठव्या दिवशी मुलीने चादर काढली, वाचलं आणि हसता हसता रडायलाच लागली. सगळे विचारत होते, "नारळ गप्प का?" कोणी म्हणे, "त्याला आतलं काही कळलंय." कोणी म्हणे, "गप्प म्हणजे विकून मोकळा झाला." झालं, एकामागून एक सगळे विकत सुटले. हे म्हणे स्वतःच्या डोक्याचे! त्यातला एक म्हातारा लिहीत होता, उद्या बाजार उघडला की म्हातारपणासाठी ठेवलेलं सगळं काढून टाकतो.

"आबा, मी लिहिते त्यांना," मुलगी हिब्रूत म्हणाली.

"नको. माझ्या बायकोचं मी सांगीन. तू फक्त मोठ्या अक्षरांत कागदावर काढून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बसलो. कागदावरचं अक्षर बघायचं, बटणांत शोधायचं, एका बोटाने दाबायचं. 'नारळ म्हणजे माझी बायको. तिला काही कळलेलं नव्हतं. ती वारली.' त्या शेवटच्या शब्दापाशी बोट अडलं. आठ दिवस लोक येऊन तेच म्हणत होते आणि मी नुसती मान हलवत होतो. माझ्याकडून तो शब्द एकदाही निघाला नव्हता. पण बाजार उघडायला पाच मिनिटं राहिली होती, आणि तो म्हातारा तिकडे बसलेला. एकेक अक्षर दाबलं आणि पाठवून दिलं.