बाजारचा कोंबडा

आमच्या डाक्टरीनबाईंना वाटेत कुणी "बऱ्या हाय ना?" असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी त्या विचारणाऱ्याच्या बगलेतल्या कोंबडीची शेपटी वर करून बघायच्या. हगवण हिरवी की पांढरी, तुरा लाल की फिका, गळ्याखालची थैली भरलेली की रिकामी, हे सगळं पाहून झालं की मग त्यांना माणूस दिसायचा. "हो, बरी हाय. बसा, चाय मांडतो."

धानोऱ्याच्या पुढे, पावसाळ्यात नाला चढला की बस येत नाही अशा गावात, मी पहिल्याच नोकरीला शिक्षिका म्हणून गेले आणि त्यांच्या घरातली एक खोली भाड्याने घेतली. बाई विधवा, पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. 'डाक्टरीनबाई' हे नाव गावाने आधी चेष्टेने ठेवलं होतं. कोंबड्या वाचायला लागल्या तशी चेष्टा मागे पडली आणि नाव राहिलं. मी मात्र चांगली वर्षभर हसले. घाणीचा वास घेऊन रोग ओळखणारी घरमालकीण हा सुट्टीत घरी, ब्रह्मपुरीला, नकला करून सांगण्याचा माझा हमखास विषय होता.

त्यांची औषधं सगळी घरातलीच. अंगावरच्या उवांसाठी खुराड्यात सीताफळाचा पाला आणि अंगणात राखेचा खड्डा, कोंबड्यांनी हवं तेव्हा लोळावं म्हणून. देवीचे फोड आले की हळद आणि कडुनिंबाचा लेप. पोट बिघडलं की पाण्यात ठेचलेला लसूण. पण आपल्याला काय जमत नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मान वाकडी झाली न् हिरवं हगली, का माह्या हातात काई नाई. त्याले लसच पायजे, तेही आधी." लसवाला गावात आला की कोंबड्या धरून सगळ्यांत पुढे उभ्या असायच्या त्याच.

आणि एक कायदा होता. बाजारातून आणलेली कोंबडी सात दिवस घरामागच्या वाडीच्या पार टोकाला, मोहाच्या झाडाखाली, टोपलीत. दाणापाणी आधी घरच्या कोंबड्यांना, शेवटी तिला, आणि मग हातपाय धुवायचे. "बाजारात कोन कोनत्या गावची बला इकून जाते, तुमाले काय मालूम?" गावातल्या गावात दिलेल्या कोंबडीला मात्र ही सजा नव्हती.

त्या वर्षी नाल्याच्या पुरामुळे लसवाला आलाच नाही. पाणी उतरलं आणि माझा भाऊ आणि वहिनी रविवारी येणार असा निरोप आला. शुक्रवारच्या बाजारात मी एक कोंबडा घेतला. विकणाऱ्याने घासाघीस न करता तो माझ्या हातात कोंबला. मला वाटलं, मॅडम म्हणून मान दिला. आधीचा माझा कोंबडा रानमांजराने मोहाखालच्या टोपलीतून उचलून नेला होता. हाही गेला तर भावाला काय वरणभात वाढायचा?

"कुठचा हाय, मॅडम?" डाक्टरीनबाईंनी विचारलं.

"गावातलाच. वर्गातल्या एका पोरीच्या आईनं दिला."

त्यांनी तुरा पाहिला, शेपटी उचलली, आणि माझ्या शब्दावर त्याला आपल्या खुराड्यात सोडलं. मॅडम खोटं कशाला बोलतील?

रविवारी कापायच्या वेळी तो मलूल वाटला. तरी आम्ही खाल्ला, आणि भावाने रस्सा दोनदा मागून घेतला.

गुरुवारी पहिल्या कोंबडीची मान वाकडी झाली. दहा दिवसांत खुराडं रिकामं. बाईंनी पाण्याची भांडी उकळली, मेलेल्या कोंबड्या दूर खड्ड्यात पुरल्या, जमीन खरवडली, आणि एकीकडे आपली चूक शोधत राहिल्या. शेवटी त्यांना ती सापडलीसुद्धा. त्याच आठवड्यात त्या पलीकडच्या गावात एक आजारी कोंबडी बघायला गेल्या होत्या. "पाय धुतले का नाई, आठवतच नाई मले. म्याच आनली घरी."

मी ऐकत होते. त्याच सुमारास चौथीला मी 'आजार कसे पसरतात' हा धडा शिकवत होते. उद्या सांगू, असं मी रोज ठरवलं आणि रोज शाळेत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्याच्या अंगणात जाणं सोडलं. लोक यायचे, त्या दारातूनच परत पाठवायच्या. "माह्या पायानं रोग येते, बापा." एकदा आळीतली कमला आजारी कोंबडी घेऊन दाराशी रडत उभी राहिली. डाक्टरीनबाईंनी दार लावून घेतलं आणि आत बसून स्वतःही रडल्या. कमलाच्या खुराड्यात पुढे एक पीस उरलं नाही. मी भिंतीपलीकडे वह्या तपासत बसले होते. वर्षभरात माझी बदली झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं.

गेल्या उन्हाळ्यात, बारा वर्षांनी, मी सांगायला गेले. त्या ओट्यावर चिंचा फोडत होत्या. एका डोळ्याने दिसत नव्हतं. मी एका दमात सगळं सांगितलं. पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मंग रोग माह्या पायानं नोता आला?"

"नाही, बाई."

त्यांनी हातातल्या चिंचेचे चिंचोके बाजूला काढले. "कोंबड्यायचं काय नाई, मॅडम. पुन्हा झाल्या असत्या. पन बारा वरस म्या लोकायले दारातून परत धाडलं." मग म्हणाल्या, "मले सांगतलं, आता त्यायले सांगा. ह्या लाइनीतले चार घरं. कमलाचं शेवटी हाय."

पहिल्या घरी सांगितलं. दुसऱ्या घरी जरा कमी करून सांगितलं. तिसऱ्या घराला कुलूप होतं. कमलाच्या फाटकाशी पोचले, ती अंगणात सारवत होती, आणि तेवढ्यात रस्त्यावर परतीच्या जीपचा हॉर्न वाजला. तिने वर पाहून हसून विचारलं, "काऊन आल्त्या, मॅडम?"

"काही नाही, सहज," मी म्हणाले आणि जीपकडे चालू लागले. ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी होता. म्हटलं असतं, तर तासभरही थांबला असता.