बत्राने धुतलेल्या अक्षता

आमच्या दुकानात दोन गोष्टी साठतात: बुरशी आणि किस्से. बुरशी निदान पुसता तरी येते!

दिल्लीतल्या द्वारकेत मी आणि माझा पार्टनर बत्रा बुरशी धरलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट साफ करून त्यातलं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढून देतो.

मागे एका मराठी लग्नाची कॅसेट आली. बत्राने टेप पुसली, लावून पाहिली, पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा वैतागून ओरडला, "यार, ये सफेद फंगस जाती ही नहीं! सबके सर पे उड़ रही है!"

मी डोकावलो. मंगलाष्टकं चालू होती.

"बत्रा, वो अक्षता है! चावल!"

"तो पहले बताते ना! मैं तीन बार दूल्हे को धो चुका!"

*

कँटोन्मेंटमधून एक रिटायर्ड हवालदार आले. साताऱ्याकडचे. त्यांची परेड टीव्हीवर लागली तेव्हा बायकोने ती टेप करून ठेवली होती. चित्र आलं तसे हवालदार ताडकन उठले.

"थांबवा! हा मी!"

"अहो, तो तुम्ही नाही," बायको म्हणाली. "तुम्ही त्याच्या मागं."

मागे फक्त अर्धा फेटा दिसत होता.

हवालदार पडद्याजवळ जाऊन वाकले. मग म्हणाले, "फेटा तर आपलाच आहे ना? फोटो काढा त्याचा. मोठा!"

*

मुनिरक्यात रूम घेऊन राहणारी एक मुलगी आईच्या कॉलेज गॅदरिंगची कॅसेट घेऊन आली. आई स्टेजवर काय नाचली होती! पोरीने तिथूनच क्लिप फॅमिली ग्रुपवर टाकली. लगेच आईचा फोन.

"आत्ताच्या आत्ता डिलीट कर!"

"बरं."

"थांब! आधी आत्याने पाहिलं का बघ."

*

आणि नोएडाच्या देवधर काकू. काकांना जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी शूट केलेली ही एकच कॅसेट, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची. टेप तुटलेली, चिकटलेली. आठवडाभर खपून आम्ही ती जोडली. काकू आणि तो मुलगा, आता चांगला चाळिशीचा, समोर येऊन बसले.

पडदा काळा. बत्राने वायरी हलवल्या, मशीन बदललं. काळाच!

एवढ्यात काकांचा आवाज आला. "अगं, यात सगळं काळंच दिसतंय."

मग तरुणपणच्या काकूंचा. "अहो, झाकण काढलंत का?"

"तू नको शिकवूस. लाल दिवा लागलाय ना? मग येतंय! हसा सगळे!"

बत्राने कपाळावर हात मारला. काकू तर पदर तोंडाला लावून अशा हसत सुटल्या की डोळ्यांतून पाणी!

मुलाचा चेहरा पडला. "तासभर हे असंच असणार. बंद करा."

"खबरदार!" काकूंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "मला सगळं बघायचंय."