मॅमथच्या कानामागची तीट

खरं सांगा, बर्फातला तो केसाळ हत्ती, मॅमथ, पुन्हा जिवंत होऊन चारकोपला आला तर टिकेल का हो?

आमच्या गाळ्यात हा वाद रोजचा. आम्ही बागांसाठी, प्रदर्शनांसाठी जुन्या काळचे प्राणी बनवतो. काम संपलं की फोमची कात्रणं झाडून टाकता येतात, किस्से मात्र साठतच जातात!

*

मॅमथची ऑर्डर आली तेव्हा मालवणची वंदना म्हणाली, "गो बाय, वैशाखात हयसर इलो तर त्येका पयलां सलूनात व्हरूक होयो!"

*

आमचे मालक, काका, वाचणारे. ते म्हणाले, "अगं, लांब मानेच्या डायनासोरला आज जगणं अशक्य. त्याची झाडं कुठे राहिली?"

वंदनाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "आमच्या सोसायटीत सोडा. फांद्या छाटायचा प्रश्न तरी मिटेल!"

*

एकदा छोटा डायनासोर रंग वाळायला बाहेर ठेवला. गल्लीतली सगळी कुत्री जमली. काय तो आरडाओरडा! दुपारी पाहिलं, तर सगळ्यात भांडखोर कुत्रा त्याच्या पोटाखाली सावलीला झोपलेला.

"झालं," मी म्हटलं, "हा जगणार! गल्लीने पास केला."

*

आमच्यातल्या सुलभाताई प्रत्येक प्राणी तयार झाला की कानामागे काजळाची तीट लावतात. मोठ्या दातांच्या डायनासोरलाही लावली, तेव्हा काका हसले. "सुलभा, याला बघून जंगल रिकामं व्हायचं. याला कोणाची नजर लागणार?"

"आता जगात एकटाच आहे ना काका," त्या म्हणाल्या. "जास्त जपायला नको?"

*

इतकी वर्षं सुलभाताईंच्या वाट्याला फक्त पंजे आणि नखं. मॅमथ हा त्यांचा पहिला अख्खा प्राणी! एकेक बट त्यांनी स्वतः शिवली. मनोरीच्या ज्या बंगल्यासाठी तो होता, तिथले मालक मात्र फोनवरच म्हणाले, "समुद्राचा वारा आहे. एक रात्र बाहेर ठेवतो. केस उडाले तर परत न्या."

परत आला असता, तर ताईंच्या हाती पुन्हा नखंच.

मॅमथ सुटा करून मार्व्याहून बोटीने नेला. पहिल्या खेपेला मी, ताई आणि डोकं. समोर टोपली घेऊन बसलेली कोळीण बराच वेळ बघत होती.

"डोकं हाय, अंग कुठं हाय गं बाय?"

"मागच्या बोटीनं येतंय," ताई गंभीरपणे म्हणाल्या. "वंदना आहे सोबत."

*

संध्याकाळी मॅमथ अंगणात उभा राहिला. वारा असा, की आमचे पदर आवरेनात. बंगल्याच्या मालकांनी एक बट ओढून पाहिली. "टिकेल?"

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "टिकणार!"

ताई स्टुलावर चढल्या, केस विंचरले, डाव्या कानामागे तीट लावली आणि त्याच्या सोंडेवर हात ठेवून म्हणाल्या, "सांभाळून राहा रे बाबा. आता तुझं इथलंच हवापाणी."

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे केस जागेवर होते, आणि तीट लावलेल्या कानात कावळीण काड्या रचत होती.