पानशेतच्या रस्त्यावरचं जेवण

माझी कॉलेजातली मैत्रीण लग्नानंतर बडोद्याला गेली ती तिकडचीच झाली. मागच्या हिवाळ्यात ती चार दिवस आमच्याकडे कर्वेनगरला राहायला आली. नवरे, मुलं कोणी बरोबर नको, निवांत पुणं बघायचं आणि एक दिवस शहराबाहेर जायचं, एवढाच तिचा बेत होता.

पुणं दाखवायचं म्हटलं की मला चेव येतो. पहिले दोन दिवस मी तिला सदाशिव पेठेतल्या बोळांतून, नदीवरच्या पुलांवरून हिंडवलं आणि अखंड बोलत राहिले. खरी मिसळ कुठली, दुपारी दुकान बंद ठेवण्यात काय शहाणपण आहे, सगळं. ती बिचारी ऐकून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी गाडी काढून आम्ही खडकवासल्यावरून पानशेतकडे निघालो. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला हरभऱ्याची शेतं. काच खाली करून ती बाहेर बघत होती. दुपार टळत आली तशा भुका लागल्या. "पुढे एका घरी फर्मास पिठलं-भाकरी मिळते," मी म्हणाले. ऑफिसच्या मंडळींबरोबर मी तिथे एकदा जेवले होते.

वळणावर एक घर लागलं. अंगणात ताडपत्रीचा मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेला मोटरसायकली.

"हेच ते."

"बोर्ड दिसत नाही गं," ती म्हणाली.

"चांगल्या ठिकाणाला बोर्ड लागत नाही."

मांडवात टोप्या घातलेले काही म्हातारे हलक्या आवाजात बोलत होते. आम्हाला बघून दोघं उठले आणि खुर्च्या पुढे केल्या. डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"पुण्यासनं आलाय?"

"हो."

"लांबनं आलाय. चार घास खाऊन जावा."

"खायलाच आलोय," मी हसत म्हणाले. "पिठलं-भाकरी आहे ना?"

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. "हाय."

ताटं आली. भाकरी गार, पिठलं थिजलेलं. इतकं कौतुक सांगून मैत्रिणीला आणलेलं, मला कमीपणा वाटला. "अहो मावशी, हे जरा गरम करून द्या ना. आणि कांदा, ठेचा काही आहे की नाही?"

म्हातारे बोलायचे थांबले. ती बाई खाली मान घालून म्हणाली, "चूल पेटवली न्हाय बाई आज. शेजारच्यांनी आणलंय ते हाय. कांदा देते कापून."

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. "मग आधी सांगायचं," मी म्हणाले. "राहू दे कांदा. बिल आणा."

मैत्रिणीने माझं मनगट घट्ट धरलं. "अगं, दाराकडे बघ."

उंबऱ्याच्या आत पाटावर एका माणसाचा फोटो होता. झेंडूचा ताजा हार, पुढे तेवती पणती. आतल्या अंधारात भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या.

भादरलेल्या डोक्याचा एक तरुण माणूस पुढे आला. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "कसलं बिल, ताई? तुम्ही वडलांच्या कामावरनं आलाय न्हवं?"

तोंडातला घास तसाच होता. नाही म्हणायचं होतं. सगळे बघत होते, आणि मी मान हलवून "हो" म्हणाले.

तो लगेच आत वळला. "आये, पुण्यासनं बाया आल्यात. कामावरच्या."

आतून त्याची आई उठून आली. माझ्यासमोर खाली बसून तिने माझ्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले. "तुमी त्यान्ला बगितलं आसंल की रोज. कसं हुतं वो तिथं? घरी कायबी सांगायचे न्हाईत."

मैत्रीण खुर्चीवरून उठून तिच्या शेजारी खाली बसली.

"काकू, आम्ही त्यांना ओळखत नव्हतो. रस्त्याने चाललो होतो. हे जेवणाचं ठिकाण आहे असं वाटलं आम्हाला. चुकलं आमचं."

बाईने हळूच हात काढून घेतले. मग म्हणाली, "आसू द्या. ताटावरनं उठू नगा. जेवा."

आम्ही जेवलो. मी मान वर न करता ती गार भाकरी संपवली. तेवढ्यात मैत्रीण त्या मुलाशी बोलत होती: वडील काय काम करायचे, आजारी होते का. शहरात रखवालदारी करायचे, दोन दिवसांपूर्वी घरी येताच छातीत कळ आली, एवढं मला ऐकू आलं. निघताना तिने फोटोसमोर हात जोडले. मी तिच्यामागे उभी राहून तेच केलं.

गाडीत, धरण मागे पडल्यावर मी म्हणाले, "मला कळलंच नाही गं."

"कळलं नाही ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण तू हो का म्हणालीस?"

मी गिअर बदलला.

घरी नवऱ्याने विचारलं, कसं झालं फिरणं? "धरण छान आहे," ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली. माझी लाज तिने झाकली, याचं मला बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीही लाज वाटली.

शेवटच्या दिवशी सिंहगडाचा बेत होता. सकाळी चहा पिताना ती सहज म्हणाली, "आज मी एकटीच फिरून येते. चालेल ना?" मी चालेल म्हणाले. दारात उभी राहून तिला जिना उतरताना बघितलं. कुठली बस घ्यायची हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.