इंद्रजितच्या अंगातलं वारं

नेरे गावच्या इंद्रजितला गाण्याचं वेड आहे असं कुणी म्हटलं असतं, तर गावाला ते भजनाचंच वाटलं असतं. पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला, म्हशी आणि भाड्याच्या खोल्या सांभाळणारा हा गडी पुण्यात कॉलेजला असताना खांद्यापर्यंत केस वाढवून, चौकड्यांचा शर्ट लोंबवत ग्रंज ऐकायचा. खरखरणाऱ्या गिटारी, आदळआपट करणारे ड्रम आणि त्यावर जीव तोडून ओरडणारा दुःखी माणूस. लग्न ठरलं तसं वडिलांनी, हैबतरावांनी, न्हाव्याला घरी बोलावलं. केस गेले, पाठोपाठ कॅसेटी माळ्यावर गेल्या, आणि इंद्रजितही ते सगळं विसरून गेला.

यंदा उन्हाळ्यात एका रविवारी भाडेकरूंनी तक्रार केली, वरचा अनिमेष खोलीत गिरणी चालवतोय. अनिमेष नांदेडचा, हिंजवडीत कामाला. इंद्रजित तावातावाने जिना चढला, पण दाराशी पोचला आणि तिथंच थबकला. आतली गिरणी त्याच्या ओळखीची होती.

अनिमेषने दार उघडलं. "सॉरी काका, कमी करतो आवाज."

"वाढव," इंद्रजित म्हणाला आणि चप्पल काढून आत गेला.

तासाभराने तो अनिमेषचे हेडफोन घेऊन खाली उतरला. घरात निवांत ऐकायची सोय नव्हती, म्हणून त्याने गोठा गाठला. टकलावरून हेडफोन घसरायचे, तर वरून टॉवेल गच्च बांधायचा. म्हशींची काही तक्रार नव्हती.

घरात त्या दिवसांत वेगळंच पेटलं होतं. उरलेल्या एकुलत्या एक भातखाचरात भराव टाकून आणखी खोल्या बांधायच्या, असं हैबतरावांनी ठरवलं होतं. गोजराबाईंना, म्हणजे इंद्रजितच्या आईला, ते मान्य नव्हतं. पण हैबतराव एकदा बोलले की विषय संपायचा.

एका दुपारी हैबतराव पेंड न्यायला गोठ्यात आले, तर पोरगा डोळे मिटून, टॉवेलाचे सोगे उडवत, डावी-उजवीकडे मान झटकत होता. केस गेले तरी मान काही विसरली नव्हती.

"अगं, हिकडं ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "इंद्याच्या अंगात आलंया."

गोजराबाई आल्या. पोराकडे नीट निरखून पाहिलं, आत गेल्या आणि हळद-कुंकू, उदबत्ती घेऊन परतल्या. हैबतरावांनी टोपी सारखी केली.

"देवा," गोजराबाईंनी खड्या आवाजात विचारलं, "खाचरात खोल्या बांधाव्या का?"

इंद्रजितच्या कानात ड्रम पिसाळले होते. मान दुप्पट जोराने हलली.

"न्हाई म्हणतोय," गोजराबाई म्हणाल्या.

"परत इचार."

त्यांनी परत विचारलं. नेमका गायक टिपेला पोचला आणि इंद्रजितनेही त्याच्याबरोबर छाती फाडून आरोळी ठोकली. हैबतराव हात जोडून दोन पावलं मागे सरले.

गाणं संपल्यावर इंद्रजितने डोळे उघडले. कपाळाला कुंकू लागलेलं, समोर हात जोडून उभे असलेले वडील. जन्मात प्रथमच घडत होतं हे, त्यामुळे त्याने डोक्यावरचा टॉवेल तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी इंद्रजितची मान आखडली. हैबतरावांनी स्वतः तेल चोळून दिलं. "देवाचं वारं सोसलं न्हाई तुला," ते हळवेपणाने म्हणाले.

आता मात्र इंद्रजितला राहवेना. आई तांदूळ निवडत होती, तिच्याजवळ जाऊन तो बसला.

"आई, देव-बिव काय नव्हता. मी गाणी ऐकत व्हतो."

"ठाव हाय मला. टावेलाखालनं वायर लोंबत व्हती."

"मंग?"

"मंग काय? उभ्या जल्मात माजं कदी ऐकलं न्हाई त्यांनी. देवाचं कसं एका दमात ऐकलं." तिने सूप खाली ठेवलं. "आण बरं हिकडं, काय ऐकतुयास बघू."

त्याने हेडफोन तिच्या कानांवर चढवले. ती निश्चल बसून ऐकत राहिली.

"लईच कळवळून वरडतोय रं. कोण गेलं ह्याचं?"

"कुणी न्हाई. तसंच असतंय ते."

"असूंदे. मोकळं वाटतंय ऐकून," म्हणत तिने हेडफोन कानांवरच ठेवले आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

खाचरात त्या पावसाळ्यात भात लागला. लावणीला अनिमेषही उतरला आणि त्याचा एक बूट चिखलात कायमचा गेला.

पुढे दिवाळीच्या सुमाराला हैबतराव एकटेच गोठ्यात आले. इंद्रजित टॉवेल बांधून बसलाच होता. इकडंतिकडं बघत त्यांनी हळूच विचारलं, "देवा, गावच्या इकास सोसायटीच्या निवडणुकीला हुबं ऱ्हावं का?"

त्या दिवशी गाणं संथ होतं. इंद्रजितची मान आपली वरखाली, वरखाली होत राहिली. संध्याकाळी हैबतरावांनी कडक इस्त्रीची टोपी घातली आणि ते प्रचाराला बाहेर पडले.