उफराटी काच

उजेडआत्या हे नाव तिला भाच्यानं दिलं, तो बोबडं बोलायचा तेव्हा, आणि ते इतकं चिकटलं की पुढे कोपऱ्यावरचा दुकानदारही तिला त्याच नावानं हाक मारायला लागला. लोकांना वाटे, ही बाई दिवे करते. दिवे दुसरेच कुणीतरी करत. दिव्यातून निघालेल्या प्रकाशानं कुठे जायचं, कुठे जायचं नाही आणि कुठे किती पडायचं, हे ठरवणं तिचं काम. तिच्या हातून गेलेल्या दिव्यांच्या पाट्या कुठल्या कुठल्या छतांना लागल्या होत्या, पण छताकडे मान वर करून हे कुणी केलं असं विचारायला कोण बसलंय?

नव्या खोलीत शिरली की ती आधी दिव्याखाली हात आडवा धरायची आणि सावली बघायची. सावली काळीकुट्ट पडली की नाक मुरडायची. एकदा दाताच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेली असतानाच तिचा हात वर गेला. डॉक्टर घाबरला, फार दुखतंय का म्हणून विचारू लागला. "दुखत नाही हो," तोंडातल्या कापसासकट ती म्हणाली, "तुमचा दिवा नीट पडत नाही."

तिचं काम समजायला सोपं होतं, करायला महाकठीण. ऍक्रिलिकची एक पारदर्शक पाटी घ्यायची आणि तिच्या एका कडेला दिवा लावायचा. प्रकाश त्या कडेनं आत शिरतो आणि आतल्या आत आपटत पुढे पळत राहतो. पाटीवर पांढरे ठिपके छापलेले असतात. जिथे ठिपका भेटेल तिथून प्रकाश खाली सांडतो. दिव्याजवळ तो मुबलक असतो, म्हणून तिथे ठिपके विरळ ठेवायचे. दूरच्या टोकाला पोचेपर्यंत तो दमलेला असतो, म्हणून तिथे दाट. "पहिल्यालाच भरभरून वाढलं तर शेवटचा उपाशी राहतो," ती समजावून सांगायची. "शेवटच्या ताटापर्यंत सारखं गेलं पाहिजे." ते ताट कोणाचं, हा विचार तिच्या मनात तेव्हा कधी आला नाही.

घरात त्या पाटीला सगळे काच म्हणत. ती काच नाही, असं ती प्रत्येक वेळी सांगे. सगळे माना डोलावत आणि पुन्हा काचच म्हणत.

ती या पाट्यांच्या कारखान्यात लागली ती दादामुळे. दादा तिच्यापेक्षा बराच मोठा. शाळा अर्धवट सोडून तो वेल्डिंगला लागला आणि धाकटीला मात्र शेवटपर्यंत शिकवलं. संध्याकाळी घरी आला की त्याचे डोळे लाल झालेले असत आणि बाहीवर ठिणग्यांची बारीक भोकं पडलेली असत. "तू सावलीतलं काम शोध," तो म्हणायचा. तिनं शोधलं ते उजेडातलं, पण त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. उलट गल्लीत भेटेल त्याला थांबवून तो सांगायचा, आमची धाकटी प्रकाशाला वळण लावते. ऐकणाऱ्याला काडीचं कळत नसे. तसं सांगणाऱ्यालाही कळत नव्हतं.

तिनं स्वतः आखलेली पहिली पाटी कारखान्यात नमुना म्हणून छापली गेली आणि काम झाल्यावर साहेबांनी ती तिला घरी न्यायला दिली. कागदात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन ती आली. स्वयंपाकघरात जेवणाच्या लांब टेबलावर ती टांगायची असं ठरलं. दादानं लोखंडी चौकट आधीच जोडून ठेवली होती. दिवस मावळत आला होता, विजेचा मुख्य खटका बंद केलेला, घाई झालेली. पाटी नवी कोरी दिसावी म्हणून तिनं तिच्यावरचा कागद सोलून काढला, आणि दाट बाजू कुठली ते दाखवणारा बाण त्या कागदावरच होता. दादानं स्टूल धरलं, तिनं पाटी चौकटीत बसवली, कडेनं चिकटद्रव्य फासलं. मग आईनं खटका वर केला.

दिव्याजवळचं टोक असं उजळलं की आईनं डोळ्यांवर हात घेतला. दुसऱ्या टोकाला, भिंतीशी, जेमतेम खुर्ची ओळखू येत होती. पाटी उलट बसली होती. जिनं आयुष्यभर सारखं वाढायचं, तिच्याच घरात पहिल्या पंक्तीला सगळं आणि शेवटच्याला काही नाही! ती स्टुलावर उभी राहूनच रडायला लागली.

वडील म्हणाले, काढा आणि फिरवा. पण चिकटद्रव्य धरलं होतं, काढायचं तर पाटीच तडकली असती. तेवढ्यात दादा जाऊन भिंतीजवळच्या खुर्चीत बसला आणि त्यानं पाय लांब केले. "अगं ए शहाणे, रडतेस काय? दिवसभर ठिणग्या बघून माझ्या डोळ्यांची आग होते. ही जागा माझी. कुणी हात लावायचा नाही या काचेला. उफराटी तर उफराटी."

मग ती तशीच राहिली आणि घर तिच्याखाली वाढलं. उजेडाच्या टोकाला आई बसायची, कारण तिथे डाळीतला खडा लपत नसे. तिच्याशेजारी पुढे भाचा पाटीपुस्तक घेऊन बसायला लागला. मधे वडील, वर्तमानपत्राचे फक्त मथळे वाचणारे. बारीक अक्षरात सगळं खोटंच असतं असं त्यांचं मत होतं, खरं कारण डोक्यावरच्या काचेत होतं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी चुकून भिंतीजवळच्या खुर्चीत बसली आणि सगळ्यांनी एका सुरात तिला उठवलं. ती बिचारी बावरली, आपल्या हातून काय घडलं तेच तिला कळेना. नंतर ती दादाच्या शेजारी बसून त्याला ताटातलं सांगू लागली, ही भाजी, ही चटणी, ते पाणी आहे, त्यात बोटं घालू नका. तरी तो कधीतरी पाण्यात घास बुडवायचाच, आणि आईला हसू आवरत नसे. त्या हसण्यासाठी आत्या आजही काय वाटेल ते देईल. आई गेली, वडील गेले. पुढे आतली ट्यूब जाऊन एलईडीची पट्टी आली, काच मात्र तीच राहिली.

आत्या बाहेर नाव काढत गेली. तिच्या पाट्यांखाली कोपरा आणि मध्य यांत फरक ओळखू येत नाही, असं धंद्यातली माणसं म्हणत. ती कारखान्याजवळ दोन खोल्यांत राहायला गेली, तिथेच निवृत्त झाली. दादाकडे मात्र आठवड्यातून एकदा जेवायला जायची, आणि दर वेळी तो काचेकडे बोट दाखवून एकच विनोद करायचा, "काय हो मोठ्या कारागीर, हिचं काय करता?" दर वेळी ती लटकी रागवायची.

मग दादाचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. एक दिवस तिला दारात बघून तो अदबीनं बाजूला झाला. "या बाई, बसा," तो म्हणाला. ज्यानं तिला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं त्याच्या तोंडचं ते 'बसा' तिला चाबकासारखं लागलं. घरी परतताना ती बसमध्ये उघड्यावर रडली.

त्याच सुमारास भाच्यानं स्वयंपाकघर नवं केलं. बाबांना पडायला होऊ नये, सगळीकडे लख्ख दिसावं, हा त्याचा हेतू. "आत्या, तुझेच दिवे आणलेत!" त्यानं कौतुकानं दाखवले. खरंच तिचेच होते, शेवटच्या वर्षातले, तिचं सगळ्यात चांगलं काम. तिनं हात आडवा धरला. सावली जवळजवळ पडलीच नाही. जुनी चौकट भंगारात गेली होती, काढताना काच तडकली होती. तिला थोडं वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. आयुष्यातली एक चूक छतावरून उतरली होती.

पंधरवड्यातच वहिनीचा फोन आला. "वन्सं, हे जेवत नाहीयेत."

"बरं नाही का?"

"प्रकृतीला काही झालं नाही. ताट हातात घेऊन टेबलाभोवती फिरत राहतात. माझी जागा कुठंय, विचारतात. मी खुर्चीत बसवते, लगेच उठतात. म्हणतात, ही नाही. दोन घास उभ्यानं खातात आणि ताट ठेवून देतात. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नळी घालावी लागेल."

ती संध्याकाळीच गेली. दादा खरोखर ताट घेऊन फिरत होता. खांदे उतरलेले, मनगटं काटकुळी. तो प्रत्येक खुर्चीपाशी थांबायचा, वर बघायचा, पुढे जायचा. भिंतीजवळच्या खुर्चीपाशीही थांबला, वर बघितलं, आणि पुढे गेला. सगळीकडे सारखा उजेड. आत्यानं इतकं सारखं वाढलं होतं की तिच्या भावाला त्याचं ताट ठेवायला जागा उरली नव्हती.

"मला जुनी काच परत लावावी लागेल," ती म्हणाली.

"पण ती तर गेली," वहिनी म्हणाली.

"दुसरी करीन. तशीच चुकलेली."

बोलणं सोपं होतं. त्या पाटीचं माप, ठिपक्यांची आखणी, काहीच शिल्लक नव्हतं. तिनं वहिनीला आणि भाच्याला टेबलापाशी बसवलं आणि खोदून खोदून विचारलं. सुई कुठपर्यंत ओवता यायची? भाच्याला गृहपाठातली कुठली अक्षरं दिसायची आणि कुठे सरकलं की दिसेनाशी व्हायची? वडिलांचे मथळे किती जाड होते? आईचा खडा कुठल्या खुर्चीपर्यंत सापडायचा? आठवता आठवता भाच्याचे डोळे भरले. "आजी मला आपल्याकडे ओढून घ्यायची," तो म्हणाला, "कारण तिच्या बाजूला अक्षर स्वच्छ दिसायचं."

हे सगळं घेऊन ती जुन्या कारखान्यात गेली. तिच्या जागी आता तिचीच शिष्या बसत होती. शिष्येनं आकडे संगणकात भरले तसा पडदा एका टोकाला लालभडक झाला. "मॅडम, हे कुठल्याच नियमात बसत नाही."

"मलाही माहीत आहे. छाप."

पाटी आली. भाच्यानं नवे दिवे बंद करून ती टांगली. दादा ताट घेऊन आला, भिंतीजवळच्या खुर्चीपाशी थांबला, वर बघितलं, बसला. त्यानं एक घास घेतला, ताटाकडे नीट पाहिलं, आणि उठला.

वहिनीनं त्या टोकाकडे बराच वेळ पाहिलं. "वन्सं, रागावू नका. इथे मला त्यांच्या ताटातलं सगळं दिसतंय. तेव्हा दिसत नव्हतं, म्हणून तर सांगावं लागायचं. तुमच्या हातून अंधार होत नाहीये."

खरंच होतं ते. आकडे ठरवताना दर वेळी शेवटच्या टोकाला आत्यानं थोडा थोडा जास्त उजेड टाकला होता. भावाच्या ताटात कमी वाढायला हात धजला नव्हता. शाई अजून पुरती वाळलेली नव्हती. तिनं रॉकेलचं फडकं मागितलं, स्टुलावर चढली, भाच्याला स्टूल धरायला सांगितलं आणि त्या टोकाचे ठिपके एकेक करून पुसायला लागली. जन्मभर जे जपलं ते ती हातानं पुसत होती. खालची खुर्ची अंधुक झाली, मग आणखी अंधुक झाली. खुर्चीची पाठ तेवढी उरल्यावर ती थांबली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादानं ताट उचललं. फिरला नाही. सरळ भिंतीपाशी गेला, बसला आणि पाय लांब केले. वहिनी शेजारी बसून हळूच सांगू लागली, ही भाजी, ते पाणी. तो खाऊ लागला. एक पोळी संपली, त्यानं दुसरी मागितली. भाचा दाराआड जाऊन उभा राहिला, त्याला तोंड दाखवायचं नव्हतं.

मग दादानं मान वर केली. आत्या टेबलाच्या उजेडाच्या टोकाला उभी होती.

"बाई," तो तिला म्हणाला, "ही काच उफराटी बसलीय."

"हो," ती म्हणाली. "फिरवायला सांगू का?"

"छे छे!" त्यानं हात हलवला आणि आवाज खाली आणला. "इथे काही म्हणजे काही दिसत नाही. घास कुठे जातो तेही कळत नाही मला. पण बोलायचं नाही. आमच्या धाकटीनं केलीय, पहिलीच आहे तिची. इथे दुसरं कुणी बसलं तर तक्रार करेल आणि ती रडेल. म्हणून मीच बसतो."

वहिनीचा हात ताटावर तसाच थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं हे तिलाही सांगितलं नव्हतं.

"डोळ्यांची आग होते ना तुमच्या?" आत्यानं कसंबसं विचारलं.

"तिला तसं सांगितलंय," दादा म्हणाला आणि खुदकन हसला. "तुम्ही सांगू नका हं तिला."

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"उभ्या का? तिकडे उजेडात बसा."

ती तिकडे बसली नाही. टेबलाला वळसा घालून आली, दादाच्या दुसऱ्या बाजूची खुर्ची चाचपडत ओढली आणि अंधारात त्याला लागून बसली.

"वहिनी," ती म्हणाली, "मलाही इथेच वाढा."