चकलांब्याच्या मशीनसाठी थांबलेला कर्नल

माझ्या भावाने आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी जगभरातल्या माणसांना थांबवून ठेवलं होतं.

खोटं वाटेल. पण खरं आहे.

संतोषला जाऊन आज वर्ष झालं. तो काय काम करायचा, हे गावात अजून कुणाला नीट माहीत नाही. म्हणून लिहितेय.

कम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. लिनक्सचा कर्नल देशोदेशीची माणसं मिळून लिहितात. पुण्यातली नोकरी सांभाळून संतोषही त्यात होता.

आणि मी चकलांब्यात बायकांच्या दूध संस्थेची सचिव.

आमच्या दूध मोजायच्या काट्याला जोडलेला कम्प्युटर फार जुना. रोजचा हिशोब त्यावरून ऑनलाइन दूध संघाला जायचा, म्हणून सिस्टीम अपडेट ठेवावी लागायची. ते संतोष बघायचा.

एकदा त्या कर्नलवाल्यांनी ठरवलं, इतक्या जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाकू, म्हणजे नवीन कर्नल त्यावर चालणारच नाही. आता कोण वापरतं?

संतोषने लिहिलं, माझी बहीण वापरते. गावातलं सगळं दूध त्यावर मोजलं जातं.

ते म्हणाले, ठीक आहे, ठेवतो. पण प्रत्येक नवीन व्हर्जन तू तपासून द्यायचं.

त्याने वर्षानुवर्षं तपासून दिलं.

मग दुष्काळ पडला. चारा संपला. कुणी जनावरं छावणीत नेली, कुणी विकली. कितीतरी घरं दिवाळीआधीच ऊसतोडीला गेली. सकाळी एक कॅनसुद्धा भरेना. संस्थेला कुलूप मीच लावलं.

दिवाळीत संतोष आला. आम्ही दोघं संस्थेच्या ओट्यावर बसलो.

"आक्का, खरं सांग. संस्था परत उघडंल?"

"उघडंल कवातरी. पन ह्या जुन्या मशीनवर न्हाई रे."

मी नुसतं 'थांब' म्हटलं असतं, तर तो थांबला असता.

तो म्हणाला, "मंग त्या कर्नलवाल्यान्ला कळवाया पायजे."

"कावून? कुनी इचारलं का तुला?"

"न्हाई. पन ह्या जुन्या कोडपायी बाकीच्यांना लई तरास हाय. 'थांबा' मीच म्हणलो होतो. आता 'काढा' बी मीच म्हणाया पायजे."

कुलूप उघडून त्याने मशीन चालू केलं. काट्यावर रिकामा कॅन ठेवला. हिरवे आकडे उमटले. ते बघत तो नुसता उभा राहिला.

मग तिथेच बसून मेल लिहिला. मला मराठीत वाचून दाखवला: 'दुष्काळामुळे आमच्या गावचं मशीन बंद झालं. आता सपोर्ट काढायला हरकत नाही. थांबलात, त्याबद्दल आभार.'

खूप उत्तरं आली. एकाने कोडबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं, तुमच्याकडे पाऊस झाला का?



त्याच हिवाळ्यात पुण्यात त्याला अटॅक आला. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

यंदा चारा झाला. संस्था उघडली. नवीन मशीन आलं. ते कधी अडत नाही.

जुनं सारखं अडायचं. मग मी संतोषला फोन करायचे, आणि मशीन सुरू झालं तरी आमचं बोलणं संपायचं नाही.

आता फोन करायला कारणच उरलं नाही रे.

संतोष, परवा दुधाला कॅन कमी पडले. शेजारच्या गावातून मागवले.

बस, एवढंच सांगायचं होतं.

भरल्या मनाने तुला निरोप, बाळा.

तुझी आक्का